त्सिलरटालमध्ये पहिली स्की-सुट्टी : आठवडा निवडण्यापासून बूट परत करेपर्यंत

दिवाळीचा फराळ संपत आला की ओळखीतल्या कुणाचा तरी फोन येतोच. "यंदा स्कीइंगला जायचंच आहे. त्सिलरटालमध्ये ५४० किलोमीटरचे उतार आहेत म्हणे. सहा दिवसांत किती होतील?" माझं उत्तर ठरलेलं असतं. पहिल्या वर्षी पाच किलोमीटर पुष्कळ झाले. पण ते पाच कुठले, हे घरून निघण्याआधी ठरवा.

मी म्युनिकजवळ राहते. गेले आठ हिवाळे आम्ही याच खोऱ्यात जातोय. आधी दोघंच जायचो, मग मुलं आली, एका वर्षी पुण्याहून सासूबाई आणि सासरेही होते. आम्ही चुकत चुकत जे शिकलो ते इथे क्रमाने लिहिते आहे. युरोपात राहणाऱ्यांना याचा उपयोग होईल आणि भारतातून खास येणाऱ्यांनाही.

आधी खोरं समजून घ्या

जर्मनमध्ये 'टाल' म्हणजे खोरं. आपण पवनमावळ, नाणेमावळ म्हणतो, तसं हे त्सिलर नदीचं मावळ. ऑस्ट्रियाच्या टिरोल प्रांतात, इन नदीच्या रुंद खोऱ्यातून ते दक्षिणेकडे आत शिरतं. तोंडाशी येनबाख हे रेल्वेचं मोठं स्टेशन आहे. तिथून आत जाताना फ्युगेन, काल्टनबाख, त्सेल आणि मायरहोफन ही गावं ओळीने लागतात. मायरहोफनला खोऱ्याला फाटे फुटतात, त्यातला टुक्सचा फाटा वर चढत हिमनदीच्या पायथ्याशी, हिंटरटुक्सला संपतो.

सगळ्यांचा गोंधळ होतो तो इथेच. ५४० किलोमीटरचे उतार आणि १८०च्या आसपास लिफ्ट (डोंगरावर नेणारे पाळणे, खुर्च्या वगैरे) हा आकडा खरा आहे, पण ते सगळं एका डोंगरावर नाही. चार वेगवेगळे भाग आहेत आणि त्यांना जोडते ती बस किंवा रेल्वे. सकाळी एका टोकाला स्की पायात घालून संध्याकाळी दुसऱ्या टोकाला पोहोचता येईल, असं इथे नाही. फ्युगेन-काल्टनबाखच्या वर होखत्सिलरटाल आणि होखफ्युगेन. त्सेलच्या वर त्सिलरटाल आरेना, जे गेर्लोसवरून थेट शेजारच्या साल्झबुर्ग प्रांतात उतरतं आणि एकटंच सुमारे १५० किलोमीटरचं आहे. मायरहोफनच्या दोन बाजूंना आहोर्न आणि पेन्कन. आणि शेवटी हिंटरटुक्सची हिमनदी. तिथे लिफ्ट ३२५० मीटरपर्यंत जाते आणि वर्षाचे बाराही महिने स्कीइंग चालतं.

पहिल्यांदा जाणाऱ्यांना मी डोळे मिटून मायरहोफन सांगते, ते आहोर्नमुळे. गावातूनच दोरावरचा पाळणा (केबल कार) निघतो आणि एका खेपेत १६० माणसं वर नेतो; ऑस्ट्रियातला हा सगळ्यात मोठा पाळणा. वर २००० मीटरच्या जवळपास रुंद, सौम्य पठार आहे. तिथे बिचकत शिकणाऱ्या माणसाला मागून कुणी रेटत नाही. समोरचा पेन्कन मात्र जाणत्यांचा डोंगर आहे. ७८ टक्के उताराची 'हाराकिरी' तिथलीच. पेन्कनवर जायचं, पण आठवड्याच्या शेवटी, आणि तेही निळ्या, म्हणजे सोप्या, उतारांवर.

कुठला आठवडा

मायरहोफनचा हंगाम डिसेंबरच्या सुरुवातीपासून ईस्टरच्या आसपासपर्यंत चालतो. यातले नाताळ ते नववर्ष आणि फेब्रुवारीतले जर्मन व डच शाळांच्या सुट्ट्यांचे आठवडे टाळा. भाडी चढलेली असतात, लिफ्टपाशी रांगा असतात आणि शिकवणीच्या गटात जास्त मुलं कोंबलेली असतात.

माझा आवडता आठवडा संक्रांतीच्या आसपासचा. ६ जानेवारीची सुट्टी संपली की खोरं एकदम रिकामं होतं, भाडी उतरतात आणि बर्फ कोरडा, भुसभुशीत असतो. थंडी कडक असते आणि साडेचारच्या सुमाराला उजेड जायला लागतो, एवढी तयारी ठेवायची. फार लहान मुलं किंवा वयस्कर मंडळी बरोबर असतील तर मार्चचा मध्य निवडा. ऊन छान असतं, दिवस मोठा असतो. मार्चमध्ये खालच्या उतारांवरचा बर्फ दुपारी खिचडीसारखा होतो, म्हणून स्कीइंग सकाळी उरकायचं.

इथली बहुतेक घरं शनिवार ते शनिवार अशीच मिळतात. जानेवारीत मात्र बरेच घरमालक रविवार ते गुरुवार द्यायलाही तयार होतात. संकेतस्थळावर तसा पर्याय दिसला नाही तरी मेल करून विचारा. आम्ही दोनदा असं घर मिळवलं आहे.

घर : लिफ्टपासून अंतर मोजा

पहिल्या वर्षी आम्ही स्वस्त म्हणून गावाबाहेर चढावरचं घर घेतलं. जाहिरातीत लिफ्ट "दहा मिनिटांवर" होती. ती गाडीने दहा मिनिटं होती. खांद्यावर स्की, पायात प्लास्टिकचे कडक बूट, हातात रडवेलं मूल आणि खाली बर्फाळ रस्ता. चौथ्या दिवशी आम्ही वर गेलोच नाही. तेव्हापासून नकाशावर घराच्या दारापासून पाळण्याच्या किंवा स्कीबसच्या थांब्यापर्यंत चालायचं अंतर मोजते आणि ३०० मीटरपेक्षा जास्त असेल तर घर सोडून देते. पैसे वाचवायचे तर खोली लहान घ्या.

'फेरिअनवोनुंग' म्हणजे स्वयंपाकघर असलेलं सुट्टीचं घर. आपल्यासारख्यांना हेच सोयीचं. तीन गोष्टी विचारून घ्या: स्की ठेवायची खोली आहे का, बूट सुकवायचं यंत्र आहे का, आणि स्थानिक कर व सफाईचे पैसे भाड्यात धरलेत की वेगळे. बूट सुकवायची सोय असली की दुसऱ्या दिवशीची सकाळ सुसह्य होते. ओला, गार बूट चढवताना मोठी माणसंसुद्धा कळवळतात.

पोहोचायचं कसं

मुंबईहून म्युनिकला थेट विमान आहे. म्युनिकच्या मुख्य स्टेशनवरून इन्सब्रुककडे जाणारी गाडी दीड-पावणेदोन तासांत येनबाखला सोडते. तिथून त्सिलरटालची छोटी गाडी. ७६० मिलिमीटर रुळांची ही रेल्वे १९०२ साली मायरहोफनपर्यंत पोहोचली. ३२ किलोमीटर जायला तिला तासाभरापेक्षा थोडा कमी वेळ लागतो. कालका-सिमल्याच्या गाडीत बसलेल्यांना रुळांची ती रुंदी ओळखीची वाटेल. खिडकीतून दोन्ही बाजूंचे डोंगर जवळ येत जातात, आणि मुलांची सुट्टी तिथेच सुरू होते. दोन मोठ्या बॅगांपेक्षा जास्त सामान नसेल तर मी रेल्वेच सुचवेन.

गाडीने जाणार असाल तर १ नोव्हेंबर ते १५ एप्रिल या काळात बर्फ-निसरड्या रस्त्यावर हिवाळी टायर सक्तीचे आहेत, आणि ऑस्ट्रियाच्या महामार्गासाठी 'विग्नेट' हा टोलचा परवाना आधीच काढावा लागतो. टेगर्नझे आणि आखनझे या तळ्यांच्या काठाने, घाटातून येणारा रस्ता विग्नेटशिवाय चालतो, पण ताजा बर्फ पडत असताना तो धरू नका. शनिवारी खोऱ्याच्या तोंडाशी असलेल्या ब्रेटफाल बोगद्यापाशी गाड्या तुंबतात. सकाळी आठच्या आत तिथून आत शिरा, नाहीतर दुपार उलटल्यावर या. मधल्या वेळेत अडकलात तर दोन तास गेलेच म्हणून समजा.

रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात आणि शनिवारी संध्याकाळी सहाला शटर खाली येतं. म्हणून दूध, भाज्या, तांदूळ शनिवारीच भरून ठेवा.

व्हिसा आणि विमा

भारतातून येणाऱ्यांना भारतीय पारपत्रावर शेंगेन व्हिसा लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. डिसेंबर-जानेवारीत जायचं असेल तर सप्टेंबरमध्येच भेटीची वेळ घ्या, कारण नाताळच्या सुट्टीवाल्यांचीही तेव्हाच गर्दी असते. मुख्य मुक्काम ऑस्ट्रियात असेल तर अर्जही ऑस्ट्रियाकडेच करायचा, विमान म्युनिकला उतरत असलं तरी.

व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो आणि तो काढला की आपण निर्धास्त होतो. पण बऱ्याच साध्या प्रवास विम्यांत हिवाळी खेळ वगळलेले असतात. कंपनीला नेमके तीन प्रश्न विचारा आणि उत्तर लेखी घ्या. एक, उतारावर स्की करताना झालेली दुखापत धरली आहे का? दोन, डोंगरावरून खाली आणायचा, हेलिकॉप्टरसह, खर्च मिळेल का? तीन, माझ्यामुळे दुसऱ्याला इजा झाली तर त्याची भरपाई कोण करेल? हेलिकॉप्टरचं बिल हजारो युरोंचं येतं. जर्मनीत राहणाऱ्यांनी सरकारी आरोग्य विम्याच्या कार्डावर विसंबू नये. स्की-गावातले दवाखाने बहुधा खासगी असतात आणि डोंगरातला बचाव त्या कार्डात बसत नाही. जर्मन किंवा ऑस्ट्रियन आल्पाइन क्लबच्या वार्षिक सदस्यत्वाबरोबर बचावाचा विमा मिळतो. आम्ही तेच घेतो.

स्कीपास : घाई करू नका

स्कीपास म्हणजे लिफ्टने वर जायचं तिकीट. संपूर्ण खोऱ्याचा त्सिलरटाल सुपरस्कीपास दोन दिवसांपासून मिळतो. सहा दिवसांचा प्रौढांचा पास अलीकडच्या हिवाळ्यांत ३५० ते ४०० युरोंच्या घरात गेला आहे, एका दिवसाचा स्थानिक पास ७० युरोंच्या वर. मुलांना साधारण निम्मा, आणि सहा वर्षांखालच्यांना पास घेतलेल्या पालकाबरोबर फुकट. मुलांच्या वयाचा पुरावा जवळ ठेवा. पास असला की खोऱ्यातल्या स्कीबस आणि ती छोटी रेल्वे त्यातच येते.

तरीही, कधीच स्की न केलेल्या माणसाने पहिल्याच दिवशी सहा दिवसांचा पास घेऊ नये असं माझं ठाम मत आहे. पहिले दोन दिवस तुम्ही सरकत्या पट्ट्यावर आणि शंभर मीटरच्या सरावाच्या उतारावर असता. तुमच्या स्की-शाळेला आधीच मेल करून विचारा की सुरुवातीला नेमकं कुठलं तिकीट लागेल. बहुतेक वेळा कमी पैशांत भागतं. तिसऱ्या दिवशी अंग साथ देतंय असं दिसलं की उरलेल्या दिवसांचा मोठा पास काढा.

पासाचं कार्ड डाव्या खिशात ठेवायचं, कारण फाटकावरचं वाचक यंत्र डाव्या हाताला असतं. त्या खिशात मोबाइल ठेवू नका. रांगेत उभं राहून जॅकेट चाचपणारा माणूस बहुधा पहिल्या दिवशीचा असतो, आणि मागचे लोक त्याला सांभाळूनही घेतात.

बूट : इथे वेळ घालवा

स्की, काठ्या, बूट, हेल्मेट हे सगळं गावात भाड्याने मिळतं. सहा दिवसांचं स्की आणि बूट मिळून साधारण १५० ते २०० युरो, आधी ऑनलाइन नोंदवलं तर कमी. सामान आदल्या संध्याकाळी घ्या. सोमवारी सकाळी नऊला त्या दुकानांत पाय ठेवायला जागा नसते.

स्की तुमच्या हनुवटीपर्यंत उंच असली की सुरुवातीला पुरे. बुटाच्या बाबतीत मात्र दुकानदाराने कितीही घाई केली तरी बाकावर बसून राहा. बुटात एकच पातळ, गुडघ्यापर्यंतचा मोजा घालायचा. मी पहिल्या वर्षी घरचे दोन जाड लोकरी मोजे घातले आणि दुसऱ्या दिवशी दोन्ही टाचांना फोड आले. दोन मोज्यांची घडी पडते, रक्त अडतं आणि पाय उलट गार पडतात.

बूट घातल्यावर ताठ उभं राहा. बोटं पुढे हलकेच टेकली पाहिजेत. मग गुडघे वाकवून पुढे झुका. आता बोटं जराशी मागे सरकतात आणि नडगी बुटाच्या जिभेला चिकटते. नडगी आणि जीभ यांच्यात मोकळी जागा राहिली तर बूट मोठा आहे. टाच उचलून बघा. ती उचलली जात असेल तर एक माप लहान मागा. बक्कलं खालून वर लावायची, खालची सैल, घोट्याजवळची घट्ट. दुकानातच दहा मिनिटं चाला. आवळल्यासारखं वाटणं बरोबर आहे, एका जागी टोचणं बरोबर नाही. आठवड्यात कधीही बूट बदलून देतात, त्यामुळे टोचत असेल तर सहन करत बसू नका.

मग दुकानदार वजन, उंची, वय आणि तुम्ही किती शिकलेले आहात ते विचारतो. पडल्यावर स्की पायातून किती जोराला सुटावी याचं माप तो त्यावरून लावतो. इथे वजन खरंच सांगा आणि "थोडंफार येतं" असं संकोचाने सांगू नका. माप जास्त लागलं तर पडताना स्की सुटत नाही आणि पीळ सगळा गुडघ्यात जातो. माझ्या मैत्रिणीचा गुडघ्याचा स्नायुबंध अशाच एका साध्या पडण्यात फाटला.

कपडे आणि अंगाची तयारी

सुती काहीही नको. घाम धरून ठेवतं आणि मग गारठवतं. अंगालगत लोकरीचा किंवा सिंथेटिक पातळ थर, त्यावर फ्लीस, त्यावर वारा आणि पाणी अडवणारं जॅकेट. पँट स्कीचीच हवी, कारण पहिले तीन दिवस तुम्ही बर्फात बसलेलेच असता. डेकॅथलॉनमध्ये हे सगळं भारतातही मिळतं. इथे राहणाऱ्यांनी नोव्हेंबरमध्ये आल्डी-लिडल या स्वस्त दुकानांच्या पत्रकांवर लक्ष ठेवावं. हातमोजे जलरोधक घ्या आणि मुलांसाठी दुसरी जोडी ठेवा.

दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. मायरहोफन ६३३ मीटरवर आहे, हिंटरटुक्सचं टोक ३२५० मीटरवर. गावात शून्य असेल तेव्हा वर उणे सतराच्या आसपास धरा, आणि वारा वेगळा. अतिनील किरणंही हजार मीटरला दहा टक्क्यांच्या हिशेबाने वाढतात आणि ताजा बर्फ त्यातली बरीचशी परत तोंडावर फेकतो. आपली कातडी सावळी म्हणून भाजत नाही, हा समज सोडा. हनुवटीखाली आणि नाकपुड्यांजवळही ५० एसपीएफचं क्रीम लावा.

घरून निघण्याआधी निदान सहा आठवडे उठाबशा काढा, भिंतीला पाठ लावून खुर्चीसारखं बसा, लिफ्ट सोडून जिने चढा. मांड्या तयार असतील तर तिसरा दिवस जातो. तिसऱ्या दिवशी दुपारी दोननंतर बरीच माणसं पडतात, कारण डोकं शिकलेलं असतं आणि पाय संपलेले असतात.

पहिले तीन दिवस

यूट्यूब बघून किंवा नवऱ्याकडून शिकू नका. स्की-शाळेत नाव घाला. गटाची शिकवणी रविवारी किंवा सोमवारी सुरू होते, साधारण दहा ते बारा आणि एक ते तीन. पाच दिवसांचे ३०० युरोंच्या मागेपुढे. मुलांचा आणि मोठ्यांचा गट वेगळा असतो आणि असावा. आई समोर दिसली की मूल रडतं. आई दिसेनाशी झाली की दहाव्या मिनिटाला ते पट्ट्यावर उभं राहून वर जात असतं. माझ्या धाकटीच्या बाबतीत अगदी असंच झालं.

पहिली गोष्ट शिकवतात ती थांबणं. स्कीची टोकं जवळ, शेपट्या लांब, म्हणजे नांगरासारखा आकार. शिक्षक त्याला 'प्फ्लुग' म्हणतात, म्हणजे नांगरच. मुलांना 'पिझ्झा' सांगतात. टाचा बाहेर ढकलायच्या, गुडघे पुढे, आणि नजर लांब. घाबरलं की माणूस मागे कलतो, आणि मागे कललं की स्कीची टोकं हलकी होऊन ती सुसाट सुटते. उतारावर धीर येतो तो पुढे झुकल्यावर. नडगी बुटाच्या जिभेवर दाबलेली आहे का, एवढं एकच पहिला दिवसभर स्वतःला विचारत राहा.

पडणं ठरलेलं आहे, म्हणून उठायला शिका. दोन्ही स्की अंगाच्या खालच्या बाजूला आणा, उताराला आडव्या करा, मगच हातावर भार देऊन उठा. स्कीची टोकं उताराकडे ठेवून उठलात तर उभे राहताक्षणी निघालात. टी-बार (दोराला लटकलेला, ओढत वर नेणारा दांडा) भेटला तर त्याच्यावर बसायचं नसतं, तो मांड्यांमागे टेकवून उभं राहायचं, तो ओढत नेतो. आपण सगळे पहिल्यांदा बसतोच, आणि खाली पडतो. पडलात तर लगेच रुळावरून बाजूला सरका.

पहिल्या दोन दिवशी शाळेनंतर घरी जा. खरंच जा. तिसऱ्या दिवशी शिक्षकाला विचारून आहोर्नवरच्याच निळ्या उतारावर स्वतःहून दोन-तीन फेऱ्या मारा. निळा सोपा, लाल मधला, काळा अवघड. फ्रान्ससारखा हिरवा रंग इथे नाही. आहोर्नवरून गावापर्यंत उतरणारा साडेपाच किलोमीटरचा रस्ता आहे, तो नवशिक्यांचा नाही; पाळण्याने खाली या. पेन्कनवरूनही बहुतेक सगळे पाळण्यानेच गावात उतरतात. शेवटचा पाळणा किती वाजता आहे याचा फोटो सकाळीच काढून ठेवा.

चौथ्या-पाचव्या दिवशी जमत असेल तर हिंटरटुक्स बघा. मायरहोफनहून स्कीबसला पाऊण तास लागतो. आकाश निरभ्र असेल आणि वारा नसेल तेव्हाच जा. दक्षिणेकडून 'फ्योन' नावाचा उबदार वारा सुटला की वरच्या लिफ्ट बंद ठेवतात आणि दिवस वाया जातो. तीन हजार मीटरवर पहिल्या तासात दम लागतो, डोकं जड होतं. पाणी पीत राहा, आणि डोकं दुखायला लागलं तर खालच्या टप्प्यावर उतरा.

उतारावरचे नियम

आंतरराष्ट्रीय स्की महासंघाचे दहा नियम आहेत आणि अपघात झाला तर चूक कुणाची हे त्यांच्याच आधारे ठरतं. दोन पाठच करा: पुढे असलेल्या माणसाचा हक्क पहिला, मागून येणाऱ्याने त्याला सांभाळायचं, आणि थांबायचं ते कडेला, वळणावर किंवा उंचवट्याच्या आड कधीच नाही. धडक झाली तर थांबून मदत करणं आणि नाव-पत्ता देणं बंधनकारक आहे. जखमी माणसाच्या वरच्या बाजूला दोन स्की फुलीसारख्या रोवा. डोंगरी बचावाचा क्रमांक १४०, सगळ्या युरोपचा ११२. उताराच्या कडेच्या खांबावर क्रमांक लिहिलेला असतो, तोच त्यांना सांगा.

हेल्मेट सगळ्यांनी घाला. टिरोलमध्ये कायदा सक्ती करत नाही म्हणून विचार करत बसू नका. आखलेल्या उताराबाहेरच्या अस्पर्श बर्फात जाऊ नका, समोर दहा जणांच्या रेषा उमटलेल्या दिसल्या तरी. हिमस्खलनाचा धोका एक ते पाच अशा पायऱ्यांत रोज जाहीर होतो आणि तो वाचायला शिकायलाच काही हिवाळे लागतात. लिफ्ट बंद झाल्यावर उतारावर थांबू नका. तेव्हा बर्फ सपाट करणारी यंत्रं कधी कधी लांबलचक पोलादी दोरावर चालतात आणि अंधारात तो दोर दिसत नाही.

खाणं

डोंगरावरच्या उपाहारगृहांत शाकाहारी माणूस उपाशी राहत नाही, पण विचारून घ्यावं लागतं. 'कासप्रेसक्न्योडल' हे चीज घातलेले चपटे गोळे शाकाहारी असतात, पण ते ज्या सूपमध्ये येतात ते बहुधा गोमांसाचं पाणी असतं. सूपशिवाय, कोबीच्या सॅलडबरोबर मागा. 'केझेश्पेट्स्ले' म्हणजे चीजमध्ये घोळलेले कणकेचे तुकडे, वर तळलेला कांदा. 'गेर्मक्न्योडल' हा आत आलुबुखारचा मुरंबा भरलेला मोठा वाफवलेला गोळा, वर खसखस आणि व्हॅनिला सॉस. दोघांत एक पुरतो.

या खोऱ्याचा स्वतःचा पदार्थ म्हणजे 'त्सिलरटालर क्राप्फन'. राईच्या पिठाची पातळ पारी, आत बटाटा आणि 'ग्राउकेझे' हे उग्र वासाचं आंबट चीज, अर्धचंद्राकार दुमडून तळलेलं. सासूबाईंनी ताटलीतली ती करंजी हातात घेऊन कडा निरखल्या आणि म्हणाल्या, "मुरड घालत नाहीत वाटतं. पण पारी छान लाटली आहे." वास पहिल्यांदा अंगावर येतो. दुसऱ्या घासानंतर येत नाही.

घरून भाजणी, मेतकूट, लोणचं, पोहे आणा. तूप, पेढे, खव्याचे पदार्थ मात्र भारतातून आणू नका. दुग्धजन्य पदार्थ युरोपीय संघात वैयक्तिक सामानातूनही आणायला मनाई आहे. लोणी इथलं उत्तम असतं, घरीच कढवा. खिशात तिळाचे मऊ लाडू ठेवा. चिक्की उणे दहामध्ये दगड होते, दात सांभाळा.

जे स्की करणार नाहीत त्यांच्यासाठी

सासू-सासरे आले तेव्हा ते दिवसभर घरात काय करतील याची मला काळजी होती. त्यांनी सहा दिवसांत आमच्याहून जास्त खोरं पाहिलं. आहोर्नच्या पाळण्याचं पादचाऱ्यांचं तिकीट मिळतं. वर चालायसाठी दाबून सपाट केलेल्या वाटा आहेत आणि दुपारी सगळ्यांना एकत्र जेवता येतं. छोट्या रेल्वेने त्सेलला जाऊन चर्च, बाजार पाहून परतता येतं. हिंटरटुक्सला हिमनदीच्या पोटात नैसर्गिक बर्फाची गुहा आहे आणि ती माहीतगाराबरोबर बघता येते. पण तिथली उंची लक्षात घेऊन हृदयविकार किंवा दम्याचा त्रास असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं. बुटांना चढवायचे रबरी काटे गावात मिळतात. ज्येष्ठांसाठी पहिल्याच दिवशी घ्या, कारण पडायची भीती उतारापेक्षा गावातल्या निसरड्या फुटपाथवर जास्त असते.

शेवटचा दिवस

शुक्रवारी तीनच्या सुमाराला थांबा. शेवटची एक फेरी म्हणून चारला वर जाऊ नका, पाय थकलेले असतात आणि उतार दिवसभर खरवडून बर्फाचा नुसता कडक थर उरलेला असतो. स्की आणि बूट शुक्रवारी संध्याकाळीच परत करा आणि पासाच्या कार्डावर अनामत असेल तर तीही मागून घ्या. मुलांच्या शाळेची शर्यत आणि पदकं बहुधा शुक्रवारी दुपारी असतात, तेव्हा मोबाइल चार्ज करून ठेवा. घर शनिवारी सकाळी दहाच्या आत सोडायचं असतं. गाडी असेल तर साडेसातलाच निघा आणि न्याहारी आखनझेच्या काठावर करा. तोपर्यंत बोगद्यापाशी येणाऱ्यांची रांग लागलेली असते, आणि तुम्ही उलट्या दिशेने मोकळ्या रस्त्यावर असता.